आचाऱ्यांचे पैसे आचार्यांना

गेल्या वर्षी आम्ही एका आचाऱ्याचे पैसे आचार्यांना देऊन टाकले. कागदावरच, पण दिले.

हिंजवडीतल्या ज्या टीममध्ये मी काम करतो, तिच्याकडे मंगल कार्यालयांसाठी केलेलं बिलाचं एक ॲप आहे. एका मालकांनी खर्चाच्या रकान्यात टाइप केलं होतं, ‘आचाऱ्यांना आगाऊ रक्कम’. छापून आलं, ‘आचार्यांना आगाऊ रक्कम’. मालकांचा फोन आला तेव्हा ते हसत होते. पण त्यांच्या आचाऱ्याने त्या कागदावर सही करायला नकार दिला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: हे पैसे मला मिळाले असं यात लिहिलेलंच नाही, मग मी सही कशावर करू?

दोन दिवस मी फॉन्टला दोष देत बसलो. फॉन्ट निर्दोष निघाला. युनिकोडच्या हिशोबात ‘ऱ’ म्हणजे ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. शोध घेण्याआधी मजकूर ‘साफ’ करणारं एक फंक्शन आम्ही एका हिंदी प्रोजेक्टमधून उचललं होतं. हिंदीत लोक ‘ज़रूर’ही लिहितात आणि ‘जरूर’ही, म्हणून दोन्ही सापडावेत यासाठी ते फंक्शन सगळे नुक्ते पुसून टाकायचं. हिंदीचं त्याने फारसं बिघडत नाही. मराठीत ‘ऱ’चा नुक्ता पुसला की दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींकडे जातात. साफ केलेला मजकूर फक्त शोधापुरता वापरायचा होता, तो चुकून छपाईलाही गेला. ते फंक्शन उचलून आणणारा मीच होतो. उचललं याची मला लाज वाटत नाही, आमच्या धंद्यात उचलल्याशिवाय पान हलत नाही. न वाचता उचललं याची वाटते.

या प्रकरणानंतर मी मागे मागे जात राहिलो. माझ्या लॅपटॉपवर मराठी अक्षर नेमकं जुळतं कुठे, ते जुळवणारा कोड कुणी लिहिला, आणि त्याने तो कुणाकडून उचलला? जे सापडलं त्यावरून माझं एक मत झालं आहे. डेस्कटॉप बनवणारे आणि टूलकिट बनवणारे गेली कित्येक दशकं एकमेकांकडून उसनं घेत आले आहेत. त्यातली जी उसनवारी डोळ्यांना दिसते तिच्यावर भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, रेडिटवर रणधुमाळी होते. आणि जिच्यावर आपलं मराठी लिहिणं-वाचणं उभं आहे, ती कुणाच्या खिजगणतीतही नाही.

टूलकिट म्हणजे टीव्हीवरच्या चर्चेत बदनाम झालेलं ते नव्हे. बटण, मेनू, स्क्रोलपट्टी, टाइप करायची चौकट या गोष्टी प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने घडवू नयेत म्हणून तयार ठेवलेला संच म्हणजे टूलकिट. डेस्कटॉप हे त्या संचातून बांधलेलं घर. घर बांधताना नवी गरज लागली की ती संचात जाते, संचात नवी सोय आली की घराचं रूप बदलतं. त्यामुळे कुणी कुणाकडून घेतलं हे ठरवणं अवघडच.

दिसणाऱ्या उसनवारीची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. ॲपलची माणसं १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात जाऊन आली, १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये विंडोज. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. पुढच्याच वर्षी झेरॉक्सने ॲपलवर भरला. दोन्ही फिर्यादी हरल्या. खिडकी, आयकॉन, मेनू ही कल्पना कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही, आणि ते बरंच झालं.

मला जवळचं वाटतं ते त्यानंतरचं, लिनक्सवरचं भांडण. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूटी हे टूलकिट १९९५ मध्ये बाहेर आलं. मथियास एट्रिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ मध्ये त्यावर केडीई हा डेस्कटॉप सुरू केला. पण क्यूटीचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरच्या कडव्या मंडळींना ते सोसवेना, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम उभा राहिला. त्याने टूलकिट कुठून आणलं? चित्रं रंगवायच्या गिंप या प्रोग्राममधून. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी गिंपसाठी स्वतःची बटणं आणि मेनू घडवले होते, त्यांचं नाव जीटीके, म्हणजे गिंप टूलकिट. चित्रकाराच्या पेटीतून अख्खं घर बांधलं गेलं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आलं आणि भांडणाचं मूळ कारण संपलं. घरं मात्र दोन झाली ती झालीच. कोकणात भावाभावांच्या वाटण्यांचं हेच होतं.

मग दोन्ही घरांनी एकमेकांसारखं दिसायचा आटापिटा सुरू केला. २००९ च्या क्यूटी ४.५ मध्ये अशी सोय आली की क्यूटीचा प्रोग्राम ग्नोमवर चालताना जीटीकेचीच बटणं रंगवेल. केडीईवाल्यांनी उलट बाजूने जीटीकेसाठी आपल्या थीम लिहिल्या. मी कॉलेजात असताना रात्र-रात्र या थीम जुळवत बसायचो. आज मला तो सगळा उद्योग फुकट गेल्यासारखा वाटतो. बटणाचा रंग जुळायचा, पण ‘ठीक’ आणि ‘रद्द’ यांची जागा उलटी असायची, आणि हात चुकायचा तो चुकायचाच. रूप उसनं घेता येतं, सवय घेता येत नाही. पुढे ग्नोमने हा नादच सोडला. २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ पासून त्यांचे नवे प्रोग्राम आपलंच रूप धरून बसतात, बाहेरची थीम मानत नाहीत. त्या रूपाचं नाव काय, तर अद्वैत! संस्कृतातलं, शंकराचार्यांचं. शेजारच्या केडीईशी मात्र ते पक्कं द्वैत पाळतं.

काहींनी घर तेच ठेवून संचच बदलला. एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप जीटीकेवर होता, त्याची मंडळी क्यूटीकडे वळली आणि एलएक्सक्यूटी झाला. वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं हत्यारही जीटीके सोडून क्यूटीवर गेलं. अशा स्थलांतरांच्या बातम्या आल्या की दोन्हीकडचे चाहते टाळ्या पिटतात किंवा छाती पिटतात. खरी देवघेव तोवर खालच्या मजल्यावर चालू असते.

माझ्या लॅपटॉपवर केडीई आहे. दिवसभर मी त्यावर व्हीएस कोड वापरतो. त्यात फाइल उघडायला गेलो की कित्येक वर्षं समोर यायची ती जीटीकेची खिडकी, ग्नोमच्या घरची. मला त्याचा राग यायचा. मग कळलं की व्हीएस कोड आतून क्रोमियम ब्राउझरच आहे. क्रोमियमचं इंजिन ब्लिंक, ते २०१३ मध्ये वेबकिटमधून वेगळं झालं. वेबकिट ॲपलने सफारीसाठी केएचटीएमएलमधून घडवलं होतं. आणि केएचटीएमएल हे केडीईच्या कॉन्करर ब्राउझरचं इंजिन. म्हणजे केडीईची लेक जग फिरून माहेरी आली ती सासरचं लुगडं नेसून, आणि आम्ही तिला ओळखलंही नाही. तुम्ही हा लेख फोनवर क्रोममध्ये किंवा सफारीत वाचत असाल तर त्याच वंशावळीतल्या इंजिनाने तो तुमच्यासमोर मांडला आहे.

तसंच डी-बसचं. दोन प्रोग्रामांनी आपसात निरोप द्यायचे कसे, याची केडीईकडे डीकॉप नावाची चांगली सोय होती. रेड हॅटमधल्या ग्नोमच्या लोकांनी तिच्यावरून डी-बस बनवलं, आणि २००८ च्या केडीई ४ मध्ये केडीईने स्वतःचं डीकॉप मोडीत काढून डी-बस घेतलं. आपणच शिकवलेली भाकरी शेजारणीला जास्त चांगली जमते हे मान्य करायला मोठं मन लागतं. अहंकारापायी बुडालेले प्रोजेक्ट मी जवळून पाहिले आहेत, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता अक्षरांकडे.

मी राहतो त्या गावाचं नाव कुणी महाळुंगे लिहितं, कुणी म्हाळुंगे. चाकणजवळ आणखी एक आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला ‘बालेवाडी स्टेडियमच्या बाजूचं’ असं सांगावं लागतं. म्हाळुंगे हा शब्द कॉम्प्युटर साठवतो तो नऊ तुकड्यांत: म, हलन्त, ह, काना, ळ, उकार, अनुस्वार, ग, मात्रा. त्यातला म अर्धा करून ह ला चिकटवायचा, उकार ळ च्या खाली न्यायचा, हे त्या नऊ तुकड्यांत कुठेही लिहिलेलं नसतं. नदीपलीकडच्या हिंजवडीत तर पहिला ह आधी साठवतात आणि वेलांटी नंतर, पण पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. हे कुणीतरी करायचं असतं. कुणी करायचं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या साडेतीन-चार दशकांत चार-पाच वेळा बदललं. त्यातली काही उत्तरं इथलीच, पुण्या-मुंबईची आहेत.

पहिलं उत्तर होतं, कार्डाने करायचं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम इथे आलं. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात खोचायचं. डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रामांना पत्ताही नसायचा की आपण मराठी दाखवतो आहोत, जुळवाजुळव सगळी कार्ड करायचं. याच काळात भारतीय लिप्यांचं इस्की हे मानक ठरलं आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्यावरूनच घेतली. आज जगभरच्या फोनमध्ये क, ख, ग ज्या क्रमाने बसले आहेत तो क्रम इस्कीतून गेलेला आहे. इस्कीत ‘ऱ’लाही स्वतंत्र जागा होती. युनिकोडने ती ठेवली ती मुख्यतः द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिता यावा म्हणून, आणि जोडीला मराठीची ती चंद्रकोर. आपला आचारी तमिळच्या उंबऱ्यावरून आत आला आहे.

दुसरं उत्तर डीटीपीच्या काळातलं: फॉन्टने करायचं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. विंडोजला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय. अर्धा म, पाऊण श, रफार हे सगळे सुटे खिळे, आणि ते जुळवायचे कीबोर्डच्या प्रोग्रामने आणि ऑपरेटरच्या बोटांनी. अप्पा बळवंत चौकातून विकत घेतलेली बरीच पुस्तकं याच पद्धतीने छापलेली आहेत, त्यामुळे या जुगाडाला नाक मुरडायचं मला जमत नाही. पण फॉन्ट बदलला की सगळ्या मजकुराची इंग्रजी रद्दी व्हायची. शोधता येत नाही, वेबवर टाकता येत नाही. ते सोंग होतं, आणि टूलकिटला त्यातून काहीच शिकता आलं नाही.

तिसरं उत्तर मायक्रोसॉफ्टचं. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब नावाचा भाग देवनागरी जुळवू लागला, आणि जोडीला मंगल हा फॉन्ट आला. मंगल घडवला तो र. कृ. जोशी यांनी, सुलेखनकार आणि कवी. तुमच्यापैकी कित्येकांनी सरकारी फॉर्म, हॉलतिकिटं, सातबारे मंगलमध्ये वाचले असतील आणि फॉन्टला नावंही ठेवली असतील. मीही ठेवली आहेत. पण पडद्यावरचे मोजके ठिपके, त्यात रफार, मात्रा, अनुस्वार एकावर एक, ही तेव्हाची अडचण होती. त्या तंगीत तो वाचता येतो हेच खूप.

चौथं उत्तर मला सगळ्यांत हुरहूर लावतं. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, लिनक्ससाठी इंडिक्स नावाचं काम झालं. कल्पना अशी की अक्षरं जुळवायचं काम टूलकिटच्याही खाली, एक्स विंडो या मूळ व्यवस्थेतच करायचं. तसं केलं की वर क्यूटी असो, जीटीके असो, कुणाला काही बदलायला नको, सगळ्या प्रोग्रामांना मराठी आपोआप येईल. त्याच संस्थेत र. कृ. जोशींनी रघू हा मुक्त देवनागरी फॉन्टही केला. विचार देखणा होता, आणि एका अर्थी जिस्ट कार्डाचाच वारसा होता: वरच्याला कळू न देता खालून मराठी पुरवायची. पण नेमक्या त्याच सुमाराला लिनक्सची सगळी व्यवस्था उलट दिशेला निघाली होती. अक्षरं रंगवायचं काम एक्स विंडोकडून काढून प्रोग्रामाकडे, म्हणजे टूलकिटकडे जात होतं. ज्या खोलीत इंडिक्स दिवा लावत होतं ती खोलीच रिकामी होत होती. इंडिक्स चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ते एकटं होतं. ते कुणी उसनं घेतलं नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात न उचललेला कोड वाळून जातो.

उरलं पाचवं उत्तर, जे टिकलं. फ्रीटाइप नावाच्या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीत ओपनटाइपचे जुळणीचे नियम चालवणारा थोडा कोड होता. फ्रीटाइपची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी तो काढून टाकला. टाकलेला माल दोघांनी उचलला: जीटीकेसाठी पँगोने, केडीईसाठी क्यूटीने. पँगो हे नाव ग्रीक ‘पॅन’ आणि जपानी ‘गो’ मिळून, सगळ्या भाषा. काही वर्षं दोन्ही घरांत एकाच आजीची रेसिपी वेगवेगळी होत गेली. एकीकडे दुरुस्त झालेला जोडाक्षराचा दोष दुसरीकडे तसाच. मग २००६ च्या सुमारास दोघांनी आपापल्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि एकत्र केल्या. परवाना असा निवडला की कुणालाही घेता यावी. नाव ठेवलं हार्फबझ. ओपनटाइपचं फारसीत केलेलं भाषांतर आहे ते: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. आपल्या दगाबाजातला बाज वेगळा.

पुढे बेहदाद एस्फाबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरने ती जवळजवळ नव्याने लिहिली. भारतीय लिप्यांचा भाग लिहिताना त्याने जे केलं ते मला समीक्षकाच्या नात्याने सगळ्यांत आवडतं. विकिपीडियावरून गोळा केलेले लाखो शब्द घेतले आणि एकेक शब्द हार्फबझ कसा जुळवते आणि मायक्रोसॉफ्टचं युनिस्क्राइब कसा जुळवतं, हे ताडून पाहिलं. फरक दिसला की शोध, कुणाचं चुकतंय. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टसारखं करायचं, कारण जगातले देवनागरी फॉन्ट युनिस्क्राइबवर तपासून बनलेले होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या बालेकिल्ल्यात बसून परक्याच्या गडाची नक्कल, आणि तीही उघडपणे, आकडे मांडून. आणि ज्या शब्दांवर ही पारख झाली ते कुणी लिहिले होते? रात्री जागून विकिपीडियावर आपापल्या भाषेत गावांचे, नद्यांचे लेख लिहिणाऱ्या माणसांनी. आपण टूलकिटची चाचणी लिहितोय हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

आज हार्फबझ ॲन्ड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. फ्लटर तर बटणंसुद्धा स्वतःच रंगवतं, गूगलसारखी हवी तर गूगलसारखी, आयफोनसारखी हवी तर आयफोनसारखी. अशा दिसण्याची नक्कल हाच धंदा असलेल्या टूलकिटलाही अक्षरांसाठी हार्फबझच लागते. केडीई आणि ग्नोम यांनी बटणं जुळवण्यात घातलेली वर्षं मी वर फुकट गेली म्हटलं. त्याच दोन घरांनी मिळून केलेली ही एक लायब्ररी मात्र माझ्या लेखी त्या सगळ्या भांडणापेक्षा मोठी कलाकृती आहे, आणि तिला दाखवण्याजोगं एक बटणही नाही.

यात पुणेकर कुठेच नाहीत असं नाही. रेड हॅटने मुक्त केलेल्या लोहित या फॉन्टकुळाची देखभाल बरीच वर्षं त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून झाली. आपल्याकडचे मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे आहेत याची दखल लोहितने घेतली. फॉन्टमध्ये ती अक्षरं असली तरी ती दिसायला मजकूर मराठी आहे हे टूलकिटला कुणीतरी सांगावं लागतं. वेबपेजवर त्यासाठी एक छोटी खूण असते, आणि ती टाकायला आम्ही लोक विसरतो. मग मराठी बातमी हिंदी श-ल घालून येते आणि आपण फॉन्टला शिव्या देतो.

‘ॲप’चंच बघा. या शब्दाच्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता, किंवा अ वर जमेल तसा चंद्र चिकटवायचा. ॲपलचं ॲप स्टोअरही त्याच वर्षी उघडलं. दुकान आणि पाटी एकाच वर्षी, योगायोगच.

अक्षरं उसनी घेऊन आपलं भलं झालं. वाक्यांचं तसं झालं नाही, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

आचाऱ्याच्या प्रकरणानंतर मी हट्टाने महिनाभर लॅपटॉप मराठीत वापरला. शब्दांबद्दल मला फार म्हणायचं नाही. ‘जतन करा’ला लोक हसतात, पण चार दिवसांत सवय होते. रेड हॅटमधून २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्यूएल या प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या केल्या, त्यात मराठीही होती, जेणेकरून ग्नोम, केडीई आणि फायरफॉक्स यांनी एकाच गोष्टीला तीन नावं देऊ नयेत. चांगलं काम, आणि पुन्हा उसनवारीचंच. अडचण शब्दांच्या पुढची आहे. भाषांतरासाठी ग्नोमने गेटटेक्स्ट ही व्यवस्था घेतली. क्यूटीकडे स्वतःची वेगळी सोय असूनही केडीईने गेटटेक्स्टच घेतली. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच चावी, आणि त्यातली रिकामी जागा प्रोग्राम भरतो: ‘अमुक हटवले’. इंग्रजीत अमुकच्या जागी काहीही आलं तरी क्रियापद ढिम्म हलत नाही. मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो आणि चित्र हटवलं जातं. भाषांतर करणाऱ्याला पुढे काय येणार हे कळत नाही, म्हणून तो घाबरून सगळं नपुंसकलिंगी करून टाकतो. फोल्डर हटवले. वापरकर्ता जोडले. महिनाभर मी अशा घरात राहिलो जिथे सगळेच ‘ते’ होते. आणि ज्या ओळीचं भाषांतर झालेलं नाही ती मुकाट्याने इंग्रजीत येते, त्यामुळे एकाच खिडकीत वर मराठी, खाली इंग्रजी.

हा दोष भाषांतरकारांचा नाही, आणि मराठीचा तर नाहीच. दोन्ही टूलकिटांनी एकच चांगलं हत्यार उसनं घेतलं आणि त्यातला इंग्रजीचा गृहीत धरलेला भागही सोबत आला. मी नुक्ते पुसणारं फंक्शन आणलं तसंच. मोझिलाने यावर फ्लुएंट नावाची व्यवस्था केली, तिच्यात शब्दाला लिंग सांगता येतं आणि वाक्य त्याप्रमाणे बदलता येतं. २०१९ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. ग्नोम आणि केडीई अजून गेटटेक्स्टवरच आहेत. इतकं एकमेकांकडून घेणाऱ्यांनी हे मात्र घेतलेलं नाही. कारण उघड आहे: ज्याला ‘फोल्डर हटवले’ खटकेल असा माणूस त्यांच्या खोलीत बसलेला नाही. हार्फबझच्या वेळी एका फारसी मातृभाषेच्या माणसाला जुळणारी अक्षरं आपली वाटली होती. आमच्याकडे, महाळुंग्यातून पूल ओलांडून रोज हिंजवडीत जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या मराठी इंजिनिअरांत, लॅपटॉप मराठीत वापरणारा मला एकही भेटला नाही. महिना संपल्यावर मीही इंग्रजीवर परत गेलो. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण बिलाच्या ॲपचं काम पूर्ण केलं. नुक्ते पुसणाऱ्या फंक्शनमध्ये भाषा विचारायची एक ओळ घातली आणि ज्या हिंदी प्रोजेक्टमधून ते आणलं होतं त्या टीमलाही बदल पाठवला. त्यांच्याकडेही नागपूरचे ग्राहक होते, वऱ्हाडे आडनावाचे, शोधल्यावर न सापडणारे. जोडीला चाचणीसाठी एक फाइल ठेवली: आचाऱ्यांना, आचार्यांना, दऱ्या, दर्या, कऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाडे, गोऱ्हे, ऱ्हस्व, ॲप, म्हाळुंगे. कोड बदलला की हे शब्द आपोआप तपासले जातात. लखनौचा एक सहकारी ती यादी पाहून म्हणाला, यात कुऱ्हाड कशाला? मी त्याला दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून दाखवले, र्या आणि ऱ्या. त्याला फरक ऐकू आला नाही. मग त्याने ते जपून कॉपी केले आणि आपल्याकडच्या यादीत टाकले.

कार्यालयाच्या मालकांना नवं बिल पाठवलं. आचाऱ्याने सही केली, आणि मालकांनी मला तिचा फोटो पाठवला. सही मोडीसारखी एकटाकी होती, एकही अक्षर सुटं लागत नव्हतं.